वॉल्टरकाकांच्या गाडीवरचे तीन थर

तुम्ही कधी दुसऱ्याच्या गाडीची पूजा केली आहे का? म्हणजे त्याला न विचारता, तो दवाखान्यात असताना, त्याच्याच गॅरेजमध्ये शिरून? नसेल केली तर चांगलंच आहे. करूही नका. मी केली. घ्या, चहा घ्या, सांगते.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. इथला हिवाळा कसा असतो ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर पोतीच्या पोती मीठ ओततात. ते मीठ उडून गाडीला चिकटतं आणि हळूहळू पत्रा खातं. लोणच्याच्या बरणीला पत्र्याचं झाकण लावलं की चार महिन्यांत त्याची काय दशा होते? तशी इथे गाडीची होते. म्हणून थंडी पडायच्या आत गाडीला वॅक्स, म्हणजे मेणाचं पॉलिश, लावायचं. हे मला कोणी शिकवलं? शेजारच्या वॉल्टरकाकांनी.

वॉल्टरकाका शहात्तर वर्षांचे. नोकरी सगळी गाड्यांच्या कारखान्यात, रंगखात्यात. मी पहिल्यापासून त्यांना तोंडावर काकाच म्हणते. काका म्हणजे काय ते एकदा समजावून सांगितलं होतं, तेव्हापासून नाताळच्या कार्डावर ते खाली ‘काका’ अशीच सही करतात. आमच्या दारातला बर्फ ते सकाळी सहा वाजता काढतात. आमच्या ह्यांचे डोळे उघडायच्या आत. वीस वर्षांत एकदाही आम्हाला फावडं हातात घेऊ दिलं नाही.

त्यांची एक पांढरी गाडी आहे, बारा वर्षांची. ती निवडली होती डोरोथीकाकूंनी. काकू जाऊन सहा वर्षं झाली, पण गाडीवर अजून एक ओरखडा नाही. काका ती फक्त रविवारी चर्चला आणि तिथून काकूंच्या थडग्यापाशी न्यायचे. बाकीचे दिवस ती गॅरेजमध्ये. त्या गाडीला मी कधी साधा हातसुद्धा लावला नव्हता. लक्षात ठेवा, कारण पुढे मी काय केलं ते ऐकलंत की तुम्हीच कपाळाला हात लावाल.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये काकांच्या खांद्याचं ऑपरेशन ठरलं. एरवी ते जे वॅक्स लावायचे ते दोन-अडीच महिने टिकायचं. जानेवारीत जरा बरा दिवस बघून पुन्हा लावायचे. या वेळी जानेवारीत हात वर जाणार नव्हता. म्हणजे एकदाच लावायचं आणि ते एप्रिलपर्यंत टिकायला हवं. काकांचा चेहरा पाहवेना. मी म्हटलं, काका, या वर्षी मी लावते. इतकी वर्षं तुम्ही आमचा बर्फ काढलात, मला एवढं करू द्या.

त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली. मग म्हणाले, “चल, दुकानात जाऊ.”

दुकानात वॅक्सच्या डब्यांची एक अख्खी रांग होती. काका चष्मा लावून एकेका डब्यामागचं बारीक अक्षर वाचत होते, आणि मी मागे ढकलगाडी घेऊन उभी. मुलीसाठी स्थळं बघायला आलोय असंच वाटत होतं. एक डबा मला आवडला. आरशासारखी चमक असं लिहिलं होतं. काका म्हणाले, “चमक काय बघतेस? टिकणार किती ते बघ.” शेवटी त्यांनी सहा महिने टिकणारं एक सीलंट, म्हणजे रंगाला सीलबंद करणारं वॅक्स, निवडलं. ते दोनदा लावायचं, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. त्यावर तिसरा थर ताडाच्या पानांपासून काढलेल्या पिवळसर मेणाचा. मी सगळं वहीत लिहून घेतलं. दहावीच्या परीक्षेला इतकं नीट लिहिलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघांनी गाडी धुतली. नंतर काकांनी एका हाताने तिच्यावर गाड्यांसाठी मिळतो तो मऊ मातीचा गोळा फिरवून जुनं वॅक्स, चिकटलेला कण न् कण काढला. म्हणाले, “आता रंग अगदी उघडा आहे. पहिला थर बसेपर्यंत याला काहीही लागू द्यायचं नाही.” मग मला गॅरेजचं दार उघडायचा नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. तिथून आठवडाभर बहिणीकडे राहणार होते.

आणि ऑपरेशनच्याच दिवशी होता दसरा.

मी सकाळी आमच्या गाडीची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूऐवजी दुकानातली पिवळी शेवंती. तबक हातात घेऊनच शेजारी गेले, म्हटलं पहिला थर लावून टाकू. दार उघडलं, तर समोर ती गाडी. न्हाऊन-माखून स्वच्छ, दसऱ्याच्या दिवशी, आणि कपाळ मोकळं. मालक ऑपरेशनच्या टेबलावर.

सांगा, तुमचं मन मानलं असतं?

स्वस्तिक काढायचं नाही, एवढी अक्कल इथे राहून आली होती. म्हणून बॉनेटवर हळदीची पाच बोटं ओढली, कुंकवाची पाच बोटं ओढली, मध्ये ‘श्री’ काढलं. आमच्या गाडीवरून कोरडं कुंकू गळून पडलं होतं, म्हणून या गाडीसाठी आधी घरी जाऊन हळदकुंकू तेलात कालवून आणलं होतं. काकांचा हात बरा होऊ दे म्हणून मनापासून हात जोडले. आणि पूजा केलेली गाडी त्याच दिवशी पुसायची नसते, म्हणून पहिला थर दुसऱ्या दिवसावर ढकलला.

दुसऱ्या दिवशी फडक्याने सगळं पुसलं. गॅरेजमध्ये एकच पिवळा दिवा, दार थंडीमुळे बंद. त्या उजेडात बॉनेट मला चांगलं स्वच्छ दिसलं. पुसताना जे थोडं पसरलं असेल ते दिसलंच नाही. वहीत लिहिल्याप्रमाणे पहिला थर दिला. पातळ, गोल गोल, घाई न करता.

दुपारी काकांचा फोन. हात कसा आहे विचारलं, तर ते म्हणाले गाडी कशी आहे. सांगितलं, पहिला थर झाला.

“त्याआधी रंगाला काही लागलं नाही ना?”

“नाही काका. काहीच नाही.”

बघा, मी खोटं बोलत नव्हते. माझ्या डोक्यात धूळ होती, पाणी होतं, मांजर होतं. देवाचं हळदकुंकू म्हणजे गाडीला काही लागलं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आता त्या उत्तराची इतकी लाज वाटते की काय सांगू.

सोमवारी दुसरा थर दिला. बॉनेटवर थोडी पिवळट झाक वाटली. मी म्हटलं, बसत असेल अजून सीलंट. बुधवारी तिसरा. तो तर मुळातच पिवळसर, त्यामुळे शंका आलीच तरी मेणाच्या नावावर खपून गेली. उलट बॉनेटवर मी जरा जास्त हात फिरवला. तिथेच मीठ जास्त उडतं ना!

शुक्रवारी दुपारी छान ऊन पडलं होतं. आमची सई कॉलेजमध्ये असते, शिकागोला. तिला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं आईची करामत बघ, आणि गॅरेजचं दार वर केलं. ऊन सरळ बॉनेटवर.

“आई,” सई म्हणाली, “व्हाय इज द हूड ऑरेंज?”

पांढऱ्या बॉनेटवर मधोमध परातीएवढा नारिंगी डाग, कडेला पिवळा, आणि आत फिकट गुलाबी अक्षरात ‘श्री’. मी सईला सगळं सांगितलं. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, “प्लीज टेल मी यू डिडन्ट वॅक्स ओव्हर इट.”

“तीनदा,” मी म्हटलं.

मग मी हाताला लागेल ते करून बघितलं. लिंबू चोळलं, रस घरंगळून खाली. खाण्याचा सोडा लावला, तो पावडरीसारखा उडून गेला. भांड्याच्या साबणाचं पाणी ओतलं, तर त्याचे टपोरे थेंब झाले आणि अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे ओघळले. हे संध्याकाळी ऑफिसातून आले, त्यांनी बोटाने थेंब ढकलून पाहिला आणि म्हणाले, “काम मात्र चोख केलंयस गं.”

मला एकदम आठवलं, हळदीचा डाग उन्हात ठेवला की उडतो. साडीवरचा नाही का उडत? म्हटलं, अहो, उद्या सकाळपासून गाडी उन्हात ठेवू. ह्यांनी डबा उचलला, मागचं वाचलं आणि परत खाली ठेवला. त्यावर लिहिलं होतं, सहा महिने सूर्यकिरणांपासून संपूर्ण संरक्षण.

म्हणजे मीठ लागणार नाही, पाणी लागणार नाही, ऊन लागणार नाही. माझं हळदकुंकू एप्रिलपर्यंत सुखरूप.

शनिवारी हेच काकांना आणायला गेले. मी बोलायची वाक्यं पाठ करत दारात उभी होते. काका उतरले, हात झोळीत, चेहरा उतरलेला. घरात न जाता सरळ गॅरेजमध्ये गेले. मी मागोमाग. पाठ केलेलं सगळं विसरले.

ते गाडीपुढे उभे राहिले. चांगल्या हाताने दार, छप्पर, बॉनेट चाचपलं. बोटांच्या पाठीने, हळू.

“थर एकदम सारखे दिलेस,” ते म्हणाले. मग त्या डागाकडे बघून विचारलं, “हे काय लिहिलंय?”

मी सांगितलं. दसरा काय असतो, आम्ही गाडीला का ओवाळतो, त्यांच्या खांद्यासाठी काय मागितलं, सगळं. मध्येच रडू आलं. शेवटी त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“हे पहिल्या थराच्या आधी, की नंतर?”

“आधी.”

त्यांनी डोळे मिटले. रंगखात्यात उभं आयुष्य घालवलेला माणूस. त्यांना याहून जास्त सांगावं लागलं नाही. थोड्या वेळाने डोळे उघडून म्हणाले, “ऑल राइट. इट्स ऑल राइट. तू खूप केलंस.”

मी म्हटलं, मी काढून देते, तुम्ही फक्त कसं ते सांगा. नको म्हणाले. मी म्हटलं, एखाद्या दुकानात नेऊन दाखवू. नको, खरंच नको, तू जा, जेव, आराम कर. आणि माझा खांदा थोपटून आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. माणूस रागावला की निदान आपली जागा तरी कळते.

घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, काका म्हणाले सगळं ठीक आहे. ह्यांनी पेपर खाली केला.

“वीस वर्षं झाली तुला या देशात. ते ऑल राइट म्हणाले म्हणजे ठीक आहे असं अजून वाटतं तुला?”

मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. आणि उद्या रविवार, गाडी काकूंच्या थडग्यापाशी न्यायचा दिवस, हे तर मी विसरूनच गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पडदा सरकवला, तर काका एक हात झोळीत अडकवून दुसऱ्या हाताने बॉनेट घासत होते. मी कोट अडकवून धावत गेले. काकांनी घासणं थांबवलं. त्यांनी खिशातून एक कोरडं फडकं काढून मला दिलं, माझ्या कोपराला धरून मला गाडीच्या पार मागच्या बाजूला नेलं, आणि बॉनेटपासून सगळ्यात लांबचं, डावीकडचं चाक दाखवलं. मी चाक पुसलं.