सरांचा बिनआवाजाचा वर्ग

सरांचा आवाज गेला तेव्हा निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं, जीव वाचला. "नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. सरांनी मान डोलावली. दुसरं काही म्हणता येण्यासारखं राहिलंच नव्हतं.

उभा जन्म त्यांनी कॉलेजात एकच विषय शिकवला होता. संगणकाला काय जमतं आणि काय कधीच जमणार नाही, याचं गणित. मुलं त्या विषयाला टरकून असत आणि सरांना त्याहून जास्त. मागच्या बाकावर जरा कुजबुज झाली, की सर फळ्याकडे तोंड ठेवूनच गरजत, "ज्याला जास्त कळतं त्याने इथे यावं!" कोणी येत नसे. तसा तो आवाज पार जिन्यापर्यंत ऐकू जायचा.

आता गळ्याला बॅटरीवरचं एक यंत्र टेकवलं की बोलता येई. पण त्यातून निघणारा घरघरता, एकसुरी आवाज सरांना काही केल्या आपला वाटेना. घरात बायकोजवळ "पंखा लाव", "मीठ कमी आहे" एवढ्यापुरतं ते यंत्र बाहेर निघे. परक्या माणसासमोर ते खिशातून काढायचंच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

बायकोचं चष्म्यांचं दुकान होतं. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "घरात बसून भिंतींवर डोळे वटारण्यापेक्षा दुकानात येऊन बसा. निदान मला जेवणाचा डबा तरी एकटीला खावा लागणार नाही."

सर मागच्या खोलीत बसू लागले. तिथे काचा घासायचं यंत्र होतं, फ्रेमींचे खोके होते आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एक संगणक. दुकानात गिऱ्हाईक "खालची ओळ दिसत नाही" म्हणत असे आणि पडद्याआड सर संगणकाच्या जगातल्या बातम्या वाचत बसत. असंच वाचता वाचता एकदा ते 'खटपट' नावाच्या चर्चेच्या ठिकाणी जाऊन पोचले.

खटपटवर सगळ्या प्रकारची माणसं होती. कोणाच्या फोनची बॅटरी फुगलेली, कोणाला नवा ब्राउझर मेमरी खातो म्हणून राग आलेला, कोणी आज आलेल्या बातमीची चिरफाड करतोय. खऱ्या नावाने कोणीच नव्हतं. सरांनी 'शून्य' हे नाव घेतलं. आठवडाभर नुसतं वाचलं. मग कोणीतरी एक व्याख्या चुकीची लिहिली आणि सरांचे हात शिवशिवले.

तिथे कोणाच्याच आवाजाचा प्रश्न नव्हता. सगळे लिहूनच बोलत. शून्यला गळा आहे की नाही, याची कोणाला पडली नव्हती. सरांना हे इतकं मानवलं, की बायको पडदा सारून म्हणायची, "अहो, डबा गार झाला. त्या लोकांना सांगा, शून्यला भूक लागली आहे."

लिहिण्यात मात्र सरांची जुनी सवय गेली नव्हती. कोणी चुकलं की ते सरळ करत, पण असे, की त्या माणसाने पुन्हा तोंड उघडू नये.

अशात एक बातमी आली. चार-पाच जणांचा एक गट स्वतःचा छोटा ब्राउझर बनवत होता. त्यातली एक बाई खटपटवर 'भुंगा' या नावाने लिहायची. तिने जाहीर केलं, "आमच्या नव्या ब्राउझरमध्ये एखादं पान अडकून बसणार असेल, तर ते आधीच ओळखता येईल."

सरांनी पुढचं वाचलंच नाही. "अशक्य," त्यांनी लिहिलं. "पान अडकतं म्हणजे त्यातला प्रोग्रॅम थांबतच नाही. आणि कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की चालतच राहील, हे अचूक सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. हे फार पूर्वी सिद्ध झालं आहे."

"सिद्धांत तुमचा, ब्राउझर आमचा," भुंगा म्हणाली. "आमचा चालतो."

"माझ्या वर्गात असता तर पहिल्याच परीक्षेत नापास झाला असता."

मग काय, दोन्ही बाजूंनी माणसं धावून आली. खटपटची व्यवस्था पाहणारी एक बाई होती, तिला सगळे 'हेडबाई' म्हणत. तिने दोन ओळींत विषय मिटवला. "शून्य, आठवडाभर वर्गाबाहेर. परत येताना डोकं थंड करून या."

सर लालबुंद झाले. बायकोने संगणकावरची ती ओळ वाचली आणि तिला हसू आवरेना. "तुम्हाला! तुम्हाला वर्गाबाहेर काढलं!" ती खुर्चीत बसून डोळे पुसू लागली. मग नवऱ्याचा चेहरा पाहून जरा सावरली. "बरं, मला सांगा तरी, काय अशक्य आहे ते."

सरांनी यंत्र काढलं, पण लांबलचक बोलायचा कंटाळा आला. मग टाइप करून दाखवलं, 'समज, एक तपासनीस आहे. कोणताही प्रोग्रॅम दिला की तो थांबेल की नाही हे तो अचूक सांगतो. आता मी एक खोडसाळ प्रोग्रॅम लिहितो. तो तपासनीसाला स्वतःबद्दलच विचारतो. तपासनीस म्हणाला "थांबेल", की हा मुद्दाम चालत राहतो. "थांबणार नाही" म्हणाला, की लगेच थांबतो. तपासनीस काहीही म्हणो, खोटाच पडतो.'

"म्हणजे तुम्हीच," बायको म्हणाली. "मी म्हटलं स्वेटर घाला, की तुम्हाला उकडतं."

सरांना हसू आलं. हसण्याचा आवाज होत नाही, पण खांदे हलतात, ते हलले.

"पण मग फोनवर येतं ना कधीकधी," ती म्हणाली, "पान उघडत नाहीये, वाट पाहू की बंद करू? ते काय असतं?"

"अंदाज," सर यंत्रातून म्हणाले.

"मग ती बाईही अंदाजच म्हणत असेल."

"नाही. ओळखेल म्हणाली."

"नीट वाचलंत?"

सरांनी पुन्हा वाचलं. भुंगाचं तिसरं वाक्य होतं, 'सगळी पानं नाही, पण नेहमीच्या काही चुका आम्हाला ओळखता येतात. बाकीच्या वेळी माणसालाच विचारू.' त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं.  बायको दुकानात निघून गेली. गिऱ्हाईक आलं होतं.

आठवडा संपल्यावर शून्य परत आला. "मी तुमचं तिसरं वाक्य न वाचताच भांडलो," त्याने लिहिलं. "नापास मीच. माफ करा." आणि खाली तो तपासनीस, तो खोडसाळ प्रोग्रॅम, सगळं उलगडून लिहिलं. अगदी बायकोला सांगितलं तसं.

भुंगाचं उत्तर आलं, "आमच्या गटातल्या एकाने हे परीक्षेपुरतं घोकलं होतं. आज कळलं म्हणतो. आता मला सांगा, आम्ही कुठवर जायचं आणि कुठे हात टेकायचे?"

मग खरी चर्चा रंगली. ती एखादं अडकलेलं पान दाखवी, सर त्यातलं पुन्हापुन्हा फिरणारं चक्र शोधत आणि ते ओळखायचा नियम सांगत. शेवटी तिने विचारलं, "सर, रविवारी सगळे फोनवर जमू या का? तुमच्याच तोंडून ऐकायचंय."

 "मला वेळ नाही," त्यांनी लिहिलं आणि संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी टोमणा मारला होता, 'शून्य भाव खातोय.' बायकोने तो वाचला. "वेळ नाही? तुम्हाला? काल दुपारभर तुम्ही रिकामे खोके रंगाप्रमाणे लावत होतात."

"काय सांगू त्यांना?"

"जे आहे ते. ते काही तुमचं गाणं ऐकायला जमत नाहीयेत."

सर बराच वेळ कीबोर्डशी खेळत बसले. मग एका दमात लिहिलं, "मी भाव खात नाही. माझं स्वरयंत्र काढलं आहे. यंत्राने बोलतो, पण तो आवाज मला लोकांना ऐकवावासा वाटत नाही." पाठवलं आणि लगेच उठून, कोणी सांगितलं नसताना, सगळ्या आरशांवरून फडकं मारलं.

संध्याकाळी बघतात तर हेडबाईचा निरोप. "मग बोलायचं कशाला? लिहूनच वर्ग घ्या. शनिवारी संध्याकाळी जागा मी उघडून देते. दंगा करणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार माझा, आणि त्यात शून्यही आला." त्याखाली भुंगाची एकच ओळ, "पहिला बाक माझा." टोमणा मारणाऱ्याने आपलं वाक्य पुसलं होतं आणि वर्गाला येऊ का, असं विचारलं होतं.

पहिल्या वर्गाला सर एकेक अक्षर शोधत होते. दोन बोटांनी टाइप करायचे, त्यामुळे वाक्यं लहान झाली. तिसऱ्या-चौथ्या वाक्यावर कोणीतरी लिहिलं, "मला पहिल्या ओळीपासूनच कळलं नाही."

सर थांबले. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी कधीच म्हटलं नव्हतं. आणि आता वाटलं, न कळणारे तेव्हाही असतीलच की, वर्गभर असतील. त्यांना जिन्यापर्यंत पोचणारा तो आवाज आठवला. 'ज्याला जास्त कळतं' एवढं बोटांनी सवयीने टाइप केलं, ते त्यांनी पुसून टाकलं.

"पहिली ओळ मी वाईट लिहिली होती," त्यांनी लिहिलं. "पुन्हा लिहितो."

त्यानंतर प्रश्नांचा पाऊसच पडला.

एका दुपारी दुकानात एक बाई आली. डोळे तपासायचे नव्हते. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, चेहऱ्यावर संकोच. "इथे शून्य असतात का?" तिने विचारलं. सरांनीच कधीतरी भुंगाला दुकानाचा पत्ता दिला होता, पण ती खरंच येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. बायकोने पडदा सारला. "असतात. आत या. सांभाळून, खोके आहेत."

सरांचा हात खिशाकडे गेला, अडखळला. भुंगाने लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला होता. "हे पान बघा. तुमचा नियम इथे फसतो."

"फसत नाही!" सर म्हणाले. यंत्र कधी गळ्याला टेकवलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

भुंगाने मान वर केली नाही. "जरा सावकाश बोला, मला टिपून घ्यायचंय. का फसत नाही?"

मग पडद्यामागून तो घरघरता आवाज बाहेर येत राहिला. चष्मा घ्यायला आलेले एक आजोबा म्हणाले, "आत काय चाललंय हो?"

"भांडण," बायको फ्रेमचे स्क्रू आवळत म्हणाली. "बरं चाललंय. तुम्ही वर बघा."

भुंगाचा ब्राउझर पुढे बाहेर आला. फार लोकांनी घेतला नाही, पण ज्यांनी घेतला ते खूश होते. पान अडकलं की त्यावर काय लिहून यावं, यावर वर्गात अख्खी एक संध्याकाळ वाद झाला. हेडबाईने दोघांना बाहेर काढलं आणि अखेर ठरलं, 'हे पान कधी सुटेल, आम्हालाही सांगता येत नाही. तुम्ही ठरवा.' सरांना 'आम्हालाही' हा शब्द फार आवडला.

शनिवारचा वर्ग अजून भरतो. सध्या सर यादृच्छिक, म्हणजे कसलाच क्रम नसलेल्या, संख्यांवर शिकवताहेत आणि दोन बोटांऐवजी चार वापरतात. मागच्या शनिवारी कोणीतरी पुन्हा म्हणालं, "कळलं नाही." सरांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "कुठपासून?"