आधी हो म्हण

ऑफिसात तिला सगळे तंद्री म्हणत. ती ड्रायव्हर लिहायची, म्हणजे तारेवरून आलेले निरोप उचलून यंत्राच्या आत पोचवणारा छोटासा प्रोग्रॅम. कोड वाचता वाचता ती स्वतःच निरोप होऊन तारेतून चालू लागे. समोरचा चहा गार होई, कुणी हाक मारली तर ती भलतीकडेच बघे.

"गेली ही," शेजारचा टेस्टर म्हणायचा. "परत आली की सांगा, माझा चार्जर तिच्याकडे आहे."

सध्या ती एका रुग्णालयाच्या वॉर्डात हरवली होती. तिथे प्रत्येक खाटेला बटण होतं आणि सिस्टरांच्या टेबलावर तिचा ड्रायव्हर चालवणारी पेटी. बटण दाबलं की पेटीवर त्या खाटेचा दिवा लागायचा, घंटा वाजायची. निदान बहुतेक वेळा. पण कधीतरी एखादी हाक पेटीपर्यंत येऊन गप्प बसे. दुसऱ्या कुणी बटण दाबलं की मगच दोन्ही दिवे एकदम लागत. खिडकीजवळच्या आजोबांनी अशीच वाट बघितली होती. शेवटी स्वतःच उठायला गेले आणि पडता पडता वाचले.

"सोमवारी ही पेटी काढायला लावते," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या. "लोकांनी नुसत्या हाका मारल्या तरी चालतील. त्या निदान मध्येच अडकून बसत नाहीत."

रविवारी दुपारी ती घरात खिडकीशी पाय पसरून बसली होती. डोळे मिटले की तारेत तिला मऊ निळसर उजेड दिसे. निरोप पावलं न वाजवता येत आणि गोल मांडलेल्या कप्प्यांत बसत. दारावर एक निशाण वर होई: कुणीतरी आलंय. ड्रायव्हर उठे, कप्पे रिकामे करी, निशाण खाली पाडी आणि पुन्हा निजे. सगळं किती शहाण्यासारखं! मग हाक राहते कुठे?

"अगं, दुधाकडे बघ," गॅलरीतून आई म्हणाली. "आणि दाराला कडी लाव. आणि कपाटातून उशांचे अभ्रे..."

"हो!"

"हो काय? काय काय सांगितलं?"

"दूध. कडी."

"आणि अभ्रे?"

"ते कधी सांगितलंस?"

"तू हो म्हणालीस तेव्हाच! लहानपणापासून हेच. माझं बोलणं संपलं असं तूच ठरवतेस आणि मोठ्ठा हो ठोकून देतेस. शेवटचं त्या 'हो'खाली चिरडून जातं. आधी हो म्हण गं बाई, मग ऐकत राहा."

ती तशीच बसून राहिली. निळ्या उजेडात ड्रायव्हरने शेवटचा कप्पा तपासला आणि तो निशाणाकडे वळला. तेवढ्यात त्याच्या पाठीमागून आणखी एक निरोप हळूच आत आला. निशाण आधीच वर होतं. तो मुकाट्याने कप्प्यात बसला. ड्रायव्हरने निशाण पाडलं, त्याचंही, आणि मागे न बघता झोपला. आता दुसरं कुणी येईपर्यंत त्याला कोण विचारणार?

त्या ओळी तिनेच लिहिल्या होत्या. अगदी तिच्याच स्वभावाने.

तिने लॅपटॉप ओढला आणि दोन ओळींची अदलाबदल केली. आधी निशाण खाली, मग कप्पे. मधेच कुणी आलं तर निशाण पुन्हा वर होईल. फार तर ड्रायव्हरची एखादी फेरी फुकट जाईल.

"दूध!" आई ओरडली.

"हो!" ती या वेळी लगेच म्हणाली. तरी दूध उतू गेलंच.

सोमवारी सकाळी तिने बदललेला प्रोग्रॅम पेटीत भरला, आणि मोठ्या सिस्टरांनी सगळ्या खाटांवरून एकदमच बटणं दाबायला लावली, पुन्हा पुन्हा. दिवे चांदण्यांसारखे उमलत गेले. एकही मागे राहिला नाही. पेटी काढायला आलेल्या मेकॅनिकला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

वॉर्ड शांत झाला. मग एकच दिवा लागला, खिडकीजवळचा. सिस्टर झपझप गेल्या.

"काय हवंय, आजोबा?"

"काही नाही. म्हटलं, येता का बघावं."

"आले ना! आता काहीतरी मागा, नाहीतर मी रागावेन."

आजोबांनी उशी सरकवून घेतली, जरा विचार केला.

"पाणी चालेल," ते म्हणाले.