नदीपलीकडे कोणी नाही

नार्वाच्या माणसाला सरकारी आवाजात काही विचारलं की तो आधी 'नाही' म्हणतो आणि मग प्रश्न काय होता ते आठवून बघतो. याला कुणी खोटेपणा म्हणेल. मी म्हणत नाही. पावसात छत्री उघडताना कुणी विचार करत बसतो का?

रोदिओन सावेलोव्ह अशाच माणसांपैकी. वीजकेंद्रात वायरमन म्हणून उमेदीची वर्षं काढली. केंद्राने माणसं कमी केली तेव्हा हातात थोडी रक्कम घेऊन बाहेर पडला आणि आमच्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करू लागला. बायको फिनलंडला साफसफाईच्या कामाला गेली ती तिकडचीच झाली. त्याचं आपलं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, आई, राइसा तिखोनोव्हना, आणि ती राहत होती नदीपलीकडे, इवानगोरोदला.

पूर्वी दोन्ही काठ मिळून एकच गाव होतं. गिरणीने आईला घर दिलं ते पलीकडे, वीजकेंद्राने मुलाला खोली दिली ती अलीकडे, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग देश मोडला आणि पुलाच्या मधोमध सीमा येऊन बसली, अलीकडे एस्टोनिया, पलीकडे रशिया. आई रशियाची नागरिक झाली. मुलगा कुठलाच झाला नाही. आमच्याकडे असे पुष्कळ आहेत, राखाडी पासपोर्टवाले, कुठल्याच देशाचे नसलेले. लोक कीव करतात, पण त्या पासपोर्टवर दोन्हीकडे व्हिसाशिवाय जाता येतं. म्हणूनच रोदिओनने तो कधी बदलला नाही. एक रविवार सोडून एक रविवार तो पुलावर रांग लावायचा आणि आईची औषधं घेऊन पलीकडे जायचा.

त्या शरदात आई जिन्यात पडली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. चौथा मजला, लिफ्ट नाही. ती घराबाहेर पडेनाशी झाली. पुलाचीही खात्री राहिली नव्हती. गाड्या बंद झाल्या होत्या, रात्री फाटक बंद व्हायचं, उद्या माणसंही बंद करतील अशी बोलवा होती. हिवाळ्याआधी आईला कायमचं अलीकडे आणायचं असं रोदिओनने ठरवलं. तिला इथे राहायची परवानगी मिळणार होती, पण तिचा सगळा खर्च पेलेल एवढी पुंजी त्याला महिनाअखेर बँकेत दाखवायची होती.

पुंजी होती. पण बँकेत नव्हती. आमच्या पिढीने बँकेवर किती भरवसा ठेवायचा? रुबल गेला, क्रून आला. क्रून गेला, युरो आला. दर वेळी कुणाची तरी कमाई मधल्या फटीत पडली. शेजारचा सेव्हा म्हणाला होता, "अरे, हे बिटकॉइन कुठल्याच देशाचं नाही. तुझ्यासारखंच. तुमचं जमेल." रोदिओनला ते पटलं. वीजकेंद्रातून मिळालेले सगळे पैसे त्याने राजधानीतल्या, ताल्लिनच्या, एका कंपनीत खातं उघडून बिटकॉइनमध्ये घातले आणि आजवर पस्तावला नव्हता.

आणि नेमक्या त्याच महिन्यात कंपनीचा निरोप आला. युरोपचा नवा कायदा आला आहे, त्याचा परवाना आम्ही घेणार नाही, एस्टोनियाच्या रहिवाशांची खाती महिनाअखेर बंद होतील. पैसे काढायचे तर आमच्या अधिकाऱ्यासमोर फोनवर तोंडी तपासणी द्या.

सेव्हाने बजावलं, "जास्त बडबड करू नकोस. विचारलं तेवढंच बोल."

"मी काय लपवणार आहे?"

"लपवायला काही नसतं तेव्हाच माणूस घसरतो," सेव्हा म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला. त्याचं काय जात होतं हसायला!

तपासणीच्या सकाळी रोदिओनने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला. पडद्यावर कायरी नावाची तरुण बाई आली. एस्टोनियन होती, पण रशियन नीट बोलायची, शब्द मोजून, रशियन रीतीने वडलांचं नाव जोडून.

"रोदिओन येफीमोविच, घाबरू नका. नेहमीचेच प्रश्न आहेत."

नाव, पत्ता, पासपोर्ट झालं. पैसे कुठून आले, तेही झालं. वीजकेंद्राचा दाखला तिला आवडलेला दिसला. रोदिओनचे खांदे जरा सैल पडले. आणि बाईने खालमानेने टाइप करता करता विचारलं, "रशियात तुमचे कुणी नातेवाईक?"

"नाही," रोदिओन म्हणाला.

प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाला. त्याला ते शिकवलेलं होतं. राइसाचा थोरला भाऊ युद्धात जर्मनांच्या हाती सापडला होता आणि युद्ध संपल्यावर परत न येता कॅनडात राहिला. त्याची पत्रं ती वाचायची आणि तशीच चुलीत घालायची. नोकरीला, घराला, दवाखान्याला, प्रत्येक अर्जात तेव्हा एक प्रश्न असायचाच, परदेशात कुणी नातेवाईक? 'हो' लिहिणारा तेव्हा संशयित ठरायचा. ती लिहायची, नाही. पोरालाही तिने बोलायला शिकवल्याबरोबर तेच शिकवलं. त्या एका 'नाही'वर तिची गिरणीतली नोकरी आयुष्यभर टिकली.

कायरीची बोटं थांबली. "मग वसंतात तुम्ही इवानगोरोदच्या ज्या खात्यावर रक्कम पाठवलीत, ते कुणाचं?"

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. बँका पैसे पलीकडे पाठवत नव्हत्या, म्हणून त्याने याच खात्यातून पाठवले होते.

"आईचं," तो म्हणाला.

"आत्ताच तुम्ही म्हणालात कुणी नाही."

"चुकून म्हणालो."

"आई आहे हे चुकून विसरलात?"

शर्ट पाठीला चिकटला. बाई रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळहळली. "तुम्ही आई म्हणाला असतात तर मी एक ओळ लिहून पुढे गेले असते. आईला उपचारासाठी पैसे पाठवण्यात काही गैर नव्हतं हो. पण आता खोटं उत्तर नोंदलं गेलंय. असं खातं मला चौकशीकडे पाठवावं लागतं."

"चौकशी केव्हा संपेल?"

"कंपनी बंद होतेय. मलाच माहीत नाही."

"बाई, महिनाअखेर मला ते पैसे बँकेत दाखवायचेत. तिलाच इकडे आणायचंय. जन्माचा दाखला आहे माझ्याकडे, दाखवतो."

"दाखल्यावरून तुम्ही त्यांचा मुलगा आहात एवढं कळेल. पैसे त्यांनाच मिळाले, ते त्यांनी सांगायला हवं." ती थांबली, कुठेतरी बाजूला पाहून पुन्हा याच्याकडे वळली. "एक करता येईल. त्यांचा नंबर द्या, मी आत्ता फोन लावते. त्या म्हणाल्या की हा माझा मुलगा आणि पैसे डोळ्यांसाठी होते, तर मी उत्तर दुरुस्त करीन."

"मी आधी तिला जरा सांगू का?"

"नाही. पढवलेली साक्ष चालत नाही. तुमचा आवाज मी बंद करते. तुम्हाला ऐकू येईल, त्यांना तुम्ही ऐकू येणार नाही. फोनला हात लावू नका."

त्याने नंबर दिला. दुसरं काय करणार होता?

घंटी वाजत राहिली. भिंतीला धरत धरत यायला आईला वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं, तरी जीव टांगणीला लागला.

"हॅलो?"

"राइसा तिखोनोव्हना का? मी ताल्लिनहून बोलतेय, तपासणी विभागातून."

पलीकडे एकदम शांतता. रोदिओनला ती शांतता लहानपणापासून माहीत होती. तो पडद्याकडे पाहून ओरडला, "आई, मी आहे, सांग तिला!" आवाज त्याच्याच स्वयंपाकघरात फिरून राहिला.

"तुम्ही रोदिओन सावेलोव्हना ओळखता का?"

"कोण म्हणालात?"

"रोदिओन येफीमोविच सावेलोव्ह. नार्वाचे."

"नाही बाई. असं कुणी नाही माझ्या ओळखीत."

"ते स्वतःला तुमचा मुलगा म्हणतात."

"म्हणू देत. म्हातारं माणूस एकटं दिसलं की लोक काय वाट्टेल ते म्हणतात."

कायरीने कपाळावरून हात फिरवला. खरं तर तिने इथे थांबायला हवं होतं, पण पोर भल्या मनाची होती. "आजी, वसंतात तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना? त्याचे पैसे कुणी पाठवले?"

"माझे डोळे उत्तम आहेत."

"हे बघा, तुम्ही खरं सांगितलंत तर त्यांचंच भलं होईल."

आणि इथेच घात झाला. 'त्याचंच भलं होईल' हे राइसाने पूर्वी ऐकलेलं होतं, भावाबद्दल, गिरणीच्या वरच्या मजल्यावरच्या चौकशीच्या खोलीत. असं कोण बोलतं आणि का बोलतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"मला मूलबाळ नाही," ती ठणकावून म्हणाली. "नदीपलीकडे माझं कुणीही नाही. लिहून घ्या आणि पुन्हा फोन करू नका."

फोन कट झाला. कायरीने रोदिओनचा आवाज पुन्हा चालू केला. ती हलकेच म्हणाली, "त्या घाबरल्यात, मला कळतंय. पण मला ऐकलं तेच लिहावं लागतं." तिने लिहिलं. खातं गोठलं, आणि त्याबरोबर आईला इकडे आणायची परवानगीही गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार नसतानाही रोदिओन पुलावरच्या रांगेत उभा राहिला. वारा कापत होता. आईला काय सांगायचं याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता. चिडायचंही ठरवलं होतं त्याने. एका शब्दाचं काम होतं, तेवढाही तिला उच्चारता येऊ नये?

चार मजले चढून गेला तर दार आधीच किलकिलं होतं. आईने त्याला दंडाला धरून आत ओढलं, कडी घातली, स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडला, भिंतीपलीकडे बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. तिचे गाल लाल झाले होते. जिन्यात पडल्यापासून त्याने तिला एवढ्या हुशारीत पाहिलं नव्हतं.

"रोद्या, तुझी चौकशी करायला फोन आला होता. ताल्लिनहून."

"हो?"

"गोड बोलणारी होती मेली. तुझं नाव, वडलांचं नाव, सगळं ठाऊक. डोळ्यांचंसुद्धा. मी हूं की चूं केलं नाही." तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "काय केलंयस ते मला सांगू नकोस. मला माहीत नसलेलंच बरं. पण माझ्या तोंडून त्यांना काही कळायचं नाही, मेले तरी नाही. तू निश्चिंत राहा."

रोदिओनने टोपी काढून खुंटीला अडकवली. जुळवलेलं सगळं त्याने तिथेच सोडून दिलं.

तिने नळ बंद केला, कोबीचं सूप वाढलं आणि समोर बसली. "मग मला न्यायला कधी येतोस? गोधड्या बांधून ठेवल्यात मी."

"चांगलं केलंस, आई," रोदिओन म्हणाला. ते गोधड्यांबद्दल होतं की फोनबद्दल, हे तिने विचारलं नाही. सुपाचे दोन घोट घेऊन त्याने चमचा खाली ठेवला. तिने ते पाहिलं आणि मिठाची वाटी पुढे सरकवली.