अंगारकीच्या आदल्या दिवशी भादरलेली हरळी

नल्लकुंट्यातल्या आमच्या घरापुढचं लॉन माझ्या वडिलांचं. सरकारी नोकरीतून सुटल्यावर त्यांनी ते स्वतः लावलं, साधी हरळीच. वय पंच्याऐंशी, पण रोज सकाळी अनवाणी, काठी टेकत, त्यावर वीस फेऱ्या मारायच्या हा नेम. मध्ये जुनी पाइपलाइन खचून खड्डा पडला होता आणि त्यात ते दोनदा पडले. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पडले तर पुन्हा चालायचे नाहीत. हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता. ते कुणाचं ऐकत नाहीत. लहानपणी मला त्यांनी पट्ट्यानं, छडीनं, हाताला येईल त्यानं मारलंय, तेही कुणाचं न ऐकता.

मी अठ्ठावन्नचा आहे आणि राग मला त्यांच्याकडूनच आलाय. एक दिवस माझा हात त्यांच्यावर उठेल, ही भीती मी जन्मभर बाळगली.

जुलैत हरळी माजते. तेव्हाच ती मुळापर्यंत कापायची, खड्ड्यात चाळलेली वाळू भरायची, फळीनं ओढून सपाट करायची, म्हणजे तीन आठवड्यांत ती वाळूतून वर येते. मी सगळं विचारून घेतलं होतं. फक्त त्यांना विचारलं नव्हतं, कारण ते नाही म्हणाले असते. त्या सोमवारी माझी बायको त्यांना डोळे दाखवायला सिकंदराबादला घेऊन गेली आणि मी गवत कापायचं मशीन बाहेर काढलं.

पातं सगळ्यात खालच्या खाचेवर आणलं. मशीन किंचाळायला लागलं. माती उडाली, खडे नडगीवर बसले, गवताच्या चिंध्या झाल्या. खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. दात ओठ खाऊन मी ते ढकलत होतो. एक बेडूक पात्यात आला. मी थांबलो नाही. पुढच्या फेरीला त्याचं जे उरलं होतं त्यावरूनही गेलो.

वाळू टाकायला आलेला माळी कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. "सार, लॉन का एकदम गुंडू कर दिए!" म्हणून हसला. खरंच मुंडण झालं होतं. आम्ही दोघांनी खड्डा भरला, त्याला पैसे दिले, तो गेला.

अकराच्या सुमारास रिक्षा आली. वडील फाटकातून चार पावलं आत आले आणि थांबले. जिथं हिरवं होतं तिथं तपकिरी जमीन आणि वाळू.

"काय केलास रे हे?"

"सपाट करतोय, अण्णा. तुम्ही पडू नये म्हणून."

"उद्या अंगारकी आहे, गधड्या! दूर्वा कुठून आणू? तुझ्या डोक्यावरचे केस वाहू गणपतीला?"

त्यांच्या गणपतीला बाजारची दूर्वा चालत नाही. इथली, पहाटे स्वतः खुडलेली, एकवीसच. इतक्या वर्षांत एकही चतुर्थी चुकली नव्हती. एका कोपऱ्यात वीतभर पट्टा सोडला असता तरी चाललं असतं, पण मला कापायची नशा चढली होती. चूक झाली, असं मी म्हणणारच होतो.

तेवढ्यात काठी खांद्यावर बसली. दुसरी कानावर. कान सुन्न झाला, गरम काहीतरी मानेवरून ओघळलं. तिसरी यायच्या आत मी काठी धरली, हिसकली आणि वर उगारली.

"अहो, ठेवा ती खाली!" बायको ओरडली.

मी ठेवली नाही. काठीशिवाय ते भुसभुशीत वाळूत उभे होते, एक पाऊल टाकता येत नव्हतं. मला बरं वाटत होतं. त्यांना असं अडकलेलं बघून फार, फार बरं वाटत होतं. समोरच्या अपार्टमेंटच्या बाल्कन्यांत माणसं गोळा झाली होती.

वडिलांनी वर त्या बाल्कन्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मारणार असशील तर आत ने आणि मार. इथं लोक बघतायत."

माझा हात खाली आला. मी त्यांना दंडाला धरलं. दंड केवढासा राहिला होता. एकेक पाऊल टाकत आम्ही पायऱ्या चढलो, दिवाणखान्यात गेलो. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी आणायला वळलो.

मागून ते म्हणाले, "दार लावून घे."

मी वळून पाहिलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, आणि डोळे मिटून ते वाट बघत होते.