वरच्या लोकांची भांडणं

सुक्या जवळ्याचा वास आला की तळवलीच्या आमच्या ओट्यावरची ती संध्याकाळ आठवते. जवळा निवडणं, हेच आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. आत टीव्हीवर कुणी शिकलेला माणूस सांगत होता की आकाशात दुसरीकडंही वस्ती असेल. बायकोनं विचारलं, "अवो, ती वरची लोकं एकमेकांशी भांडत असतील का?" मी म्हटलं, "भांडनारच. दोन घरं आली की भांडन आलं." ती हसली. "इतक्या लांब कोन भांडायला जातंय? गेलाच कोनी तर एकटा पडला म्हनून जाईल." मग ओट्याच्या मधल्या भिंतीकडं बघून म्हणाली, "तुमचा भाऊ तर हातभर लांब हाय. उद्या मी त्याला जेवायला बोलावनार." ती भिंत मीच घातली होती, तेव्हापासून आम्ही भाऊ बोलत नव्हतो. मी म्हटलं, "टीव्ही बघून लई शानी झालीस. तो आला तर मी ताटावरून उठेन." ती पुन्हा जवळा निवडू लागली. पहाटे ती उठलीच नाही. सकाळी भाऊ रडत आला आणि वहिनीला खांदा द्यायला वाकला. सगळ्या गावासमोर मी त्याचा हात तिरडीवरून काढला आणि त्या जागी आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला उभं केलं, ज्याचं नावही मला नीट ठाऊक नव्हतं.