नववा फर्मा

छापखान्यात सगळे त्याला सरसदादा म्हणत. बोटांना चोवीस तास सरस चिकटलेला असायचा, म्हणून. ‘दादाशी हात मिळवला की अर्धा तास सुट्टी काढावी लागते,’ असं मशीनवाला म्हणायचा, आणि दादाही त्या हसण्यात सामील व्हायचा. त्याला राग यायचा तो फक्त कामावर बोललं तर. छापून आलेल्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला म्हणायचं फर्मा. प्रत्येक फर्म्याच्या तळाला बारीक आकडा असतो. आकड्यांच्या क्रमाने फर्मे लावायचे, शिवायचे, पाठीला सरस फासायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. आत काय लिहिलंय याच्याशी बांधणाऱ्याला देणंघेणं नसतं. चाळीस वर्षांत आपल्या हातून एकही फर्मा मागेपुढे लागला नाही, हे तो ओळखीच्या माणसालाच काय, जिन्यात भेटलेल्या पोस्टमनलाही ऐकवायचा.

पासष्टाव्या वर्षी, घरच्या घरी किरकोळ दुरुस्तीची कामं घेत असताना, जवळच्या शाळेतून वीस पुस्तकांचा गठ्ठा आला. संध्याकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालायचा, त्यांची ही पुस्तकं. वापरून वापरून पाठी सुटलेल्या. सरसदादाने वरचं पुस्तक उचललं आणि तसाच बसून राहिला. मुखपृष्ठावर किटली होती आणि किटलीच्या वाफेत पाय सोडून बसलेली मुलगी.

हे पुस्तक त्याच्या घरात होतं. बायकोच्या कपाटात, फडक्यात गुंडाळलेलं, तीस वर्षं.

त्याने ते लेकीच्या दहाव्या वाढदिवसाला बांधलं होतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती अशातला भाग नाही, पण स्वतःच्या हातचं द्यायची हौस. छापखान्यात रद्दीत टाकलेल्या कागदांतून चांगले कागद निवडून त्याने एकेक फर्मा जमवला होता. एक ते आठ. आठवा मिळाला त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला. हिरव्या कापडाची पाठ, शेवटी जाड कोरी पानं, कोपरे असे की कुणी बोट ठेवू नये. लेक, जिला घरात ठमी म्हणत, ते उशाशी घेऊन झोपायची. रोज जेवणं झाली की एक पान वाचायची आणि मग बापाला आपल्या भाषेत सांगायची. एक मुलगी असते, तिचे वडील चुलीवर किटली ठेवतात, आणि ती वाफेतून वर चढून ढगांच्या गावात जाते. तिथे एक चष्मेवाला बिज्जू, म्हणजे बिळात राहणारा प्राणी असतो, तो हरवलेल्या दुपारी बरण्यांत भरून ठेवतो. अट एकच. किटली उकळायच्या आत परतायचं, नाहीतर वाट बंद.

“मग येते का ती?” पुस्तक संपलं त्या दिवशी बापाने विचारलं होतं.

“येते की,” ठमी म्हणाली होती. “अगदी वेळेवर येते, बाबा.”

पुढच्या पावसाळ्यानंतर तापाचं निमित्त झालं आणि ठमी गेली. अकरा वर्षांची पोर. त्याबद्दल सरसदादा कधी बोलला नाही आणि त्याच्या बायकोने तर लेकीचं नाव घेणंच टाकलं.

आता गठ्ठ्यातलं पुस्तक हातात घेऊन त्याने सवयीने पाठीवरून अंगठा फिरवला. बांधणारा पुस्तक असंच मोजतो, डोळ्यांनी नाही. एक, दोन, तीन. नऊ. त्याने दुसरं पुस्तक घेतलं. नऊ. वीसच्या वीस पुस्तकांना नऊ फर्मे होते. कपाटातलं पुस्तक काढायची गरज नव्हती, तरी त्याने काढलं, आणि त्याच्या पाठीवर आठच उंचवटे लागले तेव्हा त्याने पुन्हा एकदा मोजलं. नववा फर्मा रद्दीत कधी आलाच नव्हता, म्हणून पुस्तक आठातच संपतं असं त्याने धरलं होतं. आठव्याच्या शेवटी वाक्य संपलंय की अर्धवट आहे, हे कळायला इंग्रजी वाचता यायला हवं होतं. त्याने अर्ध्यावर तुटलेल्या गोष्टीला कोरी पानं लावून, छान पुठ्ठा चढवून ती लेकीला दिली होती.

त्या कोऱ्या पानावर ठमीच्या पेन्सिलीच्या सहा इंग्रजी ओळी होत्या. इतकी वर्षं त्याला वाटायचं, शाळेचा अभ्यास असेल.

“कुणाकडूनही वाचून घ्या की,” बायको म्हणाली. “शेजारचा पोरगा वाचेल दोन मिनिटांत.”

“तिचं अक्षर आहे. परक्याने कशाला वाचायचं?”

“आणि तुम्ही काय, आता शाळेत जाणार?”

तो गेला. दुरुस्त केलेली पुस्तकं पोचवायला म्हणून गेला आणि वर्गात नाव घालून आला. बाक लहान मुलांचे, गुडघे हनुवटीला लागायचे. शेजारी एक बसड्रायव्हर आणि पुढे एक नर्स. शिकवणारी पोरगी पंचविशीची, पण तो तिला बाई म्हणायचा आणि ती त्याला काका. बाईंची शिस्त कडक होती. एकेकाने एकेक पान मोठ्याने वाचायचं, अडलं तिथे सगळ्यांनी थांबायचं, आणि पुढचं पान घरी उघडून बघायचं नाही. ड्रायव्हर दर आठवड्याला चोरून बघायचा आणि पकडलाही जायचा. सरसदादाने एकदाही बघितलं नाही. पेन्सिलीच्या ओळीही नाही. आधी आठ फर्मे, ठमीने वाचले तसे, मग तिचं पान, मग नववा. क्रम म्हणजे क्रम.

पहिले दोन महिने त्याची ततपप झाली. इंग्रजी अक्षरं छापखान्यात आयुष्यभर उलटी-सुलटी पाहिलेली, पण त्यांचा शब्द होताना जीव मेटाकुटीला यायचा. तरी मजा अशी की बिज्जू भेटला, बरण्या भेटल्या, आणि प्रत्येक पानावर त्याला ठमीचा आवाज आठवायचा. ती कुठे हसली होती, कुठे थांबून पाणी प्यायली होती. ढगांच्या गावात मुलगी घसरते त्या पानावर तो इतका मोठ्याने हसला की बाईंनी विचारलं, “काका, एवढं काय त्यात?”

नऊ महिन्यांनी वर्ग एकशे अठ्ठाविसाव्या पानावर आला. पान संपलं ते मुलगी धावते आहे, खाली किटली गुणगुणायला लागली आहे, आणि वाक्य मध्येच तुटलेलं. घरी आल्यावर त्याने चष्मा पुसला, फडकं सोडलं आणि सहा ओळी वाचायला घेतल्या. बायको चूल आवरायचं सोडून समोर येऊन बसली. वाचायला अर्धा तास लागला. ठमीने लिहिलं होतं:

‘शेवटची पानं यात नाहीत. बाबांना सांगायचं नाही, त्यांनी खूप मेहनत घेतली आहे. म्हणून शेवट मी लिहिते. किटली उकळली. वडिलांनी एकट्याने चहा घेतला. ते रागावले नाहीत.’

तिला माहीत होतं. दहा वर्षांच्या पोरीने बापाची चूक पोटात घातली होती आणि त्याच्या तोंडावर गोड शेवट सांगितला होता. हे तिने पुस्तक संपल्यावर लगेच लिहिलं की तापात पडल्यावर, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, “ठमे, ठमे.” सरसदादा ओक्साबोक्शी रडला.

पुढच्या वर्गाला तो जाणार नव्हता. बायकोने पाठवलं. “सोळा पानं राहिली आहेत, वाचून या,” एवढंच म्हणाली.

पाळीने वाचता वाचता एकशे बेचाळिसावं पान त्याच्या वाट्याला आलं. तो उभा राहून एकेक शब्द वाचू लागला. मुलगी उशिरा पोचते. खूप उशिरा. पण वाट उघडी असते, कारण खाली वडील चुलीपाशी बसून आहेत, आणि किटली उकळायला आली की तिच्यात चमचाभर गार पाणी घालत आहेत. सकाळपासून. तिला उकळूच देत नाहीत.

इथे तो थांबला. हे पान तिच्यासाठी होतं. तिने एवढं एक पान वाचलं असतं, तर बापाला एकट्याने चहा प्यायला लावलं नसतं.

“काका, बसा. मी वाचते,” बाई म्हणाल्या.

“नाही बाई. माझं पान आहे.”

त्याने ते संपवलं. ड्रायव्हरने खाली मान घालून त्याच्यासाठी बोट ओळीवर धरून ठेवलं होतं.

बाईंनी त्याला शेवटच्या सोळा पानांच्या झेरॉक्स दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी पाट घेऊन बसला. नवीन फर्म्याला घडी घातली, तो दाबला, सुई ओवली. हिरवी पाठ उसवली. आता नववा आठव्याला जोडायचा, मग ठमीचं कोरं पान, मग पुठ्ठा. कुणीही बांधणारा असंच करेल.

त्याने आठव्यानंतर ठमीचं पान शिवलं आणि त्याच्यानंतर नववा. किटली उकळते, वडील एकट्याने चहा घेतात, ते रागावत नाहीत. मग पान उलटलं की वडील गार पाणी घालत बसलेले आणि मुलगी घरी येते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून क्रम चुकला होता, आणि तो त्याने जाणूनबुजून चुकवला होता.

सरस वाळल्यावर तो बायकोला अख्खं पुस्तक वाचून दाखवू लागला, अडखळत, रोज जेवणं झाली की एक पान. बऱ्याच महिन्यांनी ते संपलं तेव्हा बायको म्हणाली, “म्हणजे येते ती.”

“पुस्तकात येते,” सरसदादा म्हणाला, आणि त्याने पुस्तक फडक्यात गुंडाळलं.