तुटलेली कडी

मुलगा म्हणून वाढले, पण बाई आहे हे मला लहानपणीच कळलं होतं. साडी नेसायला लागले, तरी बायकांच्या संडासात जायची हिंमत नव्हती. गंजाडहून डहाणूच्या बाजाराला येताना घोटभर पाणीसुद्धा पीत नसे.

एकदा एसटी स्टँडवर अगदीच राहवेना, म्हणून बायकांच्या रांगेत शिरले. पुढच्या मासळीवालीने मला आपादमस्तक न्याहाळलं. आता ही बोंब मारणार, म्हणून मी पळायच्या तयारीत.

ती म्हणाली, "बाय, कडी तुटलीय. जरा दार धरून उभी रा."

मी धरलं. माझ्या वेळी तिने धरलं.

आता तिथे नवी कडी आहे. मी बिनधास्त जाते. पण ती मेली कडी मला 'बाय' म्हणत नाही.